गिटारचा स्वर आणि तिची पेटी

१९३२ सालीं अमेरिकेंत बोशॅम्प व रिकनबॅकर यांची विजेवरील गिटार विक्रीस आली, आणि ध्वनिवर्धक पेटी तिची सहचारिणी झाली. त्या पेटींतील स्पीकर सुमारें ५००० हर्ट्झपलीकडील तीक्ष्ण ध्वनि फारसा उमटूं देत नाहीं. ही उणीवच गिटारचें माधुर्य ठरली. पुढें १९८२ सालीं टॉम शोल्झ यांनीं ‘रॉकमन’ व १९८९ सालीं अँड्र्यू बार्टा यांनीं ‘सॅन्सअँप’ काढून पेटीचा तो गुण लहानशा यंत्रांत उतरविला. म्हणूनच आज प्रीअँप थेट स्वयंवर्धक स्पीकरला जोडतां येतो. मात्र हा स्पीकर सर्व ध्वनि जसाच्या तसा ऐकवितो. पेटीची नक्कल वगळल्यास स्वर कर्कश होतो. जड पेटी वाहण्याचे श्रम वाचले, तरी तिचा संस्कार गमावूं नये, असें आम्हांस वाटतें.