जहाजांचे माग (रडार-प्रतिमांतील)

जहाज गेल्यावर समुद्रपृष्ठावर राहिलेल्या आणि सिंथेटिक ॲपर्चर रडारने ('सार') विमानातून वा उपग्रहावरून टिपलेल्या उजळ व काळ्या रेषांची आकृती. रडारलहरी खाऱ्या पाण्यात जवळपास शिरतच नाहीत. प्रतिमेत उमटतो तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा, त्यातही ब्रॅगच्या अटीत बसणाऱ्या, म्हणजे रडारलहरींशी अनुनाद साधणाऱ्या, आखूड लहरींचा. या लहरींची लांबी रडारच्या तरंगलांबीवर व आपाती कोनावर ठरते. सी-बँड या आखूड तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी ती काही सेंटिमीटर, एल-बँड या लांब तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी सुमारे ३० सेंमी. जहाजामुळे या लहरी वाढल्या की रेषा उजळते, दबल्या की काळी पडते.

जून १९७८ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या 'सीसॅट' उपग्रहावर २३.५ सेंमी तरंगलांबीचे रडार होते. वीजपुरवठ्यातील शॉर्टसर्किटमुळे तो १०५ दिवसांतच निकामी झाला, पण या विषयाचा पाया त्याच्याच प्रतिमांनी घातला. पाणबुड्यांचे माग दिसू लागल्याने तो मुद्दाम बंद केला, अशी वदंता नंतर पसरली. तिला पुरावा नाही.

मागाचे चार प्रकार मानतात. पहिल्यात, लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये विशद केलेल्या तरंगाकृतीच्या भुजा जहाजाच्या मार्गाशी दोन्ही बाजूंना १९.५ अंशांचा कोन करतात. खोल पाण्यात हा कोन वेगानुसार बदलत नाही. आडव्या लाटांची लांबी मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते व सेकंदाला १० मी. वेगास ती सुमारे ६४ मी. भरते. वेगवान नौकांचा माग याहून अरुंद दिसतो, असे मार्क राबो व फ्रेडरिक मॉयझी यांनी २०१३ मध्ये मांडले. त्यावरील चर्चेत केल्विन यांची मर्यादा कायम ठेवून, सर्वांत उंच लाटा त्या मर्यादेच्या आत सरकतात असे स्पष्टीकरण पुढे आले. दुसरा प्रकार, काही अंशांचाच उजळ अरुंद 'व्ही', सीसॅटच्या प्रतिमांत ठळक आहे. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. तिसरा, खळबळीचा माग, म्हणजे जहाजामागचा काळा पट्टा. प्रोपेलर व नौकातळ यांनी घुसळलेले पाणी आणि वर आलेला तेलकट थर आखूड लहरी दाबतात. हा पट्टा कित्येक किलोमीटर टिकतो आणि सी-बँड प्रतिमांत बहुधा हाच आढळतो. चौथा, अंतर्गत (पाण्याच्या थरांच्या सीमेवरील) लहरींचा, गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर पसरलेल्या फ्योर्डांत व सामुद्रधुन्यांत दिसतो. ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या 'फ्राम' जहाजाला १८९३ मध्ये ज्या 'मृत जला'ने रोखले, त्यामागे याच लहरी होत्या. समुद्रवैज्ञानिक एकमन यांनी १९०४ मध्ये त्यांची मीमांसा केली.

जहाज व माग यांतील अंतर : प्रतिमेत जहाज अनेकदा आपल्या मागावर नसतेच. 'सार' रडार उड्डाणाच्या दिशेतील स्थान डॉप्लर बदलावरून (परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून) ठरवते. जहाज रडारच्या दिशेने येत असेल तर त्याचे चित्र उपग्रहाच्या पुढच्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर मागच्या बाजूला. मागातले पाणी जवळजवळ स्थिर असल्याने माग जागेवर राहतो. जहाजाचे रडारपासूनचे अंतर भागिले उपग्रहाचा वेग, या भागाकाराला जहाजाच्या रडाररेषेतील वेगाने गुणले की हे विस्थापन मिळते. अंतर ८५० किमी., उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.५ किमी. आणि जहाजाचा त्या रेषेतील वेग सेकंदाला ५ मी. असेल, तर विस्थापन सुमारे ५७० मी. येते. उलट, विस्थापन मोजून आणि मागावरून दिशा घेऊन जहाजाचा वेग काढता येतो. एकाच स्थिर प्रतिमेतून गती हाती येते, ही या मागांची सर्वांत मोलाची देणगी होय. जहाज उपग्रहाच्या मार्गाला समांतर चालले असेल तर विस्थापन शून्य असते व ही रीत निरुपयोगी ठरते.

दृश्यता : वारा सेकंदाला २–३ मी.पेक्षा मंद असेल तर पाण्याचा आरसा होतो आणि काळा पट्टा काळ्यातच विरतो, १० मी.पेक्षा जोराच्या वाऱ्यात स्थानिक लाटा माग पुसतात. म्हणून पावसाळी अरबी समुद्रात माग शोधणे अवघड.

उपयोग : आपली ओळख व ठिकाण प्रसारित करणारी स्वयंचलित ओळखयंत्रणा बंद ठेवणाऱ्या जहाजांचा शोध.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-अमेरिका संयुक्त 'निसार' उपग्रहावर एल व एस असे दोन्ही बँड आहेत. त्याच्या एल-बँडची तरंगलांबी (सुमारे २४ सेंमी) सीसॅटच्या जवळची आहे.