लोकनौका आणि तिची मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॅन्डिनेव्हियातल्या नौकानयन संघटनेने एक स्पर्धा जाहीर केली. साध्या नोकरदाराला परवडेल, शनिवार-रविवारी कुटुंबाला फिरवून आणेल आणि तरीही समुद्राला पुरून उरेल, अशी छोटी शिडाची नाव कोण आखून देतो? आराखडे बरेच आले, पण एकही पूर्ण पसंत पडला नाही. मग निवडक आराखड्यांतले चांगले गुण एकत्र करण्याचं काम टोर्ड सुंडेन यांच्याकडे सोपवलं गेलं आणि १९४२ साली गोथेनबर्गमध्ये पहिली नाव पाण्यात उतरली. तिचं नाव 'फोल्कबोट', म्हणजे लोकांची नाव. कमिटीने केलेलं काम बिघडतंच, असं मानणाऱ्या आम्हा इंजिनिअर मंडळींना हा चांगलाच धडा आहे. पुढे अशा हजारो नावा बांधल्या गेल्या.

दहावीनंतर आपण सगळे पांगलो. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त याच गोथेनबर्गला येऊन स्थिरावले. इथे आम्ही चार कुटुंबांनी मिळून एक जुनी लोकनौका घेतली आहे, १९५०च्या दशकात बांधलेली. लांबी ७.६८ मीटर, वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्यातलं निम्मं वजन तळाच्या लोखंडी कण्यात. म्हणूनच ती वाऱ्याने कलली तरी पुन्हा उभी राहते. बाजूच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या रिबिटांनी जोडलेल्या. दोन हिवाळे आम्ही कुजलेल्या फळ्या बदलल्या आणि सैल रिबिटं नव्याने ठोकली. पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस ती गळली. मग लाकूड फुगलं आणि सांधे आपोआप मिटले.

खरा वाद झाला तो इंजिनावरून. १९७०च्या दशकात कुणा मालकाने नावेला मागून भोक पाडून छोटं डिझेल इंजिन बसवलं होतं. ते आता धूर ओकत होतं. आमच्यातल्या एका वयस्कर सदस्याचं म्हणणं, "हा आवाज आणि हा वास ऐकत-घेत माझी मुलं मोठी झाली. हाही नावेचा इतिहासच." दुसऱ्याचं म्हणणं, मूळ नावेत इंजिन नव्हतंच, तेव्हा भोक बुजवा. मी विजेची मोटार सुचवली, तर दोघेही म्हणाले, हे नवं खूळ कशाला?

खूळ नवं नाही, हे दाखवायला मी इतिहास उघडला. १८३८ साली मोरित्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवरची होडी माणसांसकट चालवली होती. १८८१ साली गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसला सेन नदीत उचलून काढता येणारी विजेची मोटार होडीला लावली. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात तर पन्नासहून अधिक विजेच्या होड्या लोकांना फिरवत होत्या. डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन मात्र १८९७चं!

मग वीज मागे का पडली? वजनामुळे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. छोट्या इंजिनाने त्यातलं बरंचसं उष्णतेत घालवलं, तरी तीनेक युनिट पंख्यापर्यंत पोचतात. आमची आजची लिथियम बॅटरी सुमारे ५० किलोची आणि साठवण ५ युनिटांची, म्हणजे दोन लिटर डिझेलचीही बरोबरी नाही. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या तर याहून कितीतरी जड. लांब पल्ल्याच्या बोटीला हे परवडणारं नव्हतं.

पण शिडाच्या नावेला लांब पल्ला वारा देतो. मोटार लागते ती धक्क्यातून निघताना, परतताना आणि वारा पडल्यावर. शिवाय पाण्यात वेग वाढवला की लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने वाढते. चार नॉटला आमच्या नावेला सुमारे एक किलोवॉट लागतो. त्या हिशेबाने चार-पाच तास मिळतात. पूर्ण वेगाने मात्र जेमतेम तास-दीड तास.

शेवटी एक नियम ठरला: लाकडाला नवं भोक पाडायचं नाही आणि बसवलेलं सगळं पुन्हा काढता आलं पाहिजे. मोटार जुन्याच शाफ्टला जोडली, बॅटरी खाली कण्याजवळ ठेवली. डिझेल इंजिन साफ करून, ग्रीस लावून शेडमध्ये जपून ठेवलं आहे. ते वयस्कर गृहस्थ आता सुकाणू धरतात आणि मोटार बंद केल्यावर काही फरकच कळत नाही, अशी तक्रार करतात.

जीर्णोद्धार म्हणजे कुठल्या तरी एका वर्षाकडे परत जाणं नव्हे, हे मला इथे उमगलं. पुढच्या माणसाला निवड करता यावी एवढं शाबूत ठेवणं, हाच त्याचा अर्थ. पण त्यासाठी मुळात काय होतं, ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. लोकनौकेचे आराखडे आजही मिळतात. आपल्या खाडीतल्या मचव्यांचे कागद कुठे आहेत? ती मापं सुतारांच्या हातात होती. डिझेल आलं, शिडं उतरली आणि मग लाकडाच्या जागी फायबर आलं.

आपल्यापैकी काहींचे आजोबा मचवे हाकत होते. मेळाव्याला जमू तेव्हा एक सकाळ खाडीवर काढू या. टेप, वही आणि कॅमेरा मी आणते. काठावर उपड्या पडलेल्या नावांची मापं घेऊ आणि ज्यांना त्या बांधता येत होत्या, त्यांच्याशी बोलून घेऊ. लाकूड फार काळ थांबत नाही आणि माणसंही.