बँकेचा सर्व्हर कुणाच्या दारात?

कट्ट्यातून बोलतेय. नव्या मंडळींसाठी सांगते, कट्टा हे मालवण तालुक्यातलं गाव, मालवण-कसाल रस्त्यावरचं. गप्पांचा कट्टा वेगळा, जरी आपण इथे तेच करत असलो तरी. ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून देतेय. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात जास्तीच्या आहेत.

तर, ३१ जुलै २०२४. त्या दिवशी देशातल्या साधारण तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय बंद पडलं. फोन चालू, रेंज फुल, खात्यात पैसे, आणि पेमेंट काही जाईना. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. आता गंमत बघा, त्या बँकांच्या शाखांमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. हल्ला झाला होता सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर. ही कंपनी स्टेट बँक आणि टीसीएस यांनी मिळून काढलेली. छोट्या बँकांचे हिशेब ज्या कॉम्प्युटरांवर चालतात ते सांभाळणं हा तिचा धंदा. तिच्या काही यंत्रणांमध्ये रॅन्समवेअर शिरल्याचा संशय आला, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सी-एजची जोडणीच तोडून टाकली. आग पसरू नये म्हणून शेजारचं छप्पर उतरवतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी परत मिळाली. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे मुंबई-दिल्लीत कुणाला फारसं जाणवलंही नाही. पण ज्याचं एकुलतं एक खातं अशा बँकेत आहे, त्याच्यासाठी तो अर्धा टक्का नव्हता, शंभर टक्के होता.

अशा बातमीनंतर एक उत्तर ताबडतोब येतं : बँकेने आपला सर्व्हर दुसऱ्याच्या हाती द्यावाच का? आपलं आपण सांभाळावं! मलाही हे ऐकायला बरं वाटतं. पण हा प्रश्न मोबाईलच्या काळातला नाही, चांगला पन्नास-साठ वर्षं जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला की उत्तर इतकं सरळ राहत नाही.

१९६८ साली मुंबईत टाटांनी टीसीएस सुरू केली. आज आपण तिला परदेशातली कामं करणारी कंपनी म्हणून ओळखतो. तिची सुरुवातीची कामं काय होती? टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी पंच कार्डांचं काम. आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियासाठी शाखा-शाखांमधले हिशेब जुळवून देणं. म्हणजे एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेली रक्कम दोन्हीकडच्या वह्यांत सारखी लागली आहे का, ते तपासायचं. हजारो नोंदी. हाताने करायला महिने लागायचे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची मुंबईची बँक आपला हिशेब बाहेरच्या कॉम्प्युटरवर पाठवत होती. तेव्हा स्वतःचा कॉम्प्युटर घेणं म्हणजे परकीय चलन, सरकारी परवाना, वातानुकूलित खोली. कोण घेणार?

ज्यांच्या ऑफिसात मशीन होतं, त्यांचंही ते बहुतेकदा स्वतःचं नसायचं. आयबीएम भारतात मशीन भाड्याने द्यायची. मशीन तुमच्या खोलीत, वीज तुमची, पण मालकी आणि दुरुस्ती आयबीएमची. १९७३ चा फेरा कायदा आला, परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं गेलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७७ ला जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. (त्याच मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री होते मधु दंडवते, आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार. त्यांच्याकडे पुढे येतेच.)

आता विचार करा. ज्याच्याकडे मशीन ठेवायला दिलं, तोच उद्या देश सोडून जातोय. पगार, बिलं, हिशेब, सगळं त्या मशीनवर. सगळं कोसळायला हवं होतं. कोसळलं नाही. कारण सरकारने १९७५ मध्येच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, काढून ठेवली होती. देशभरातल्या आठशेहून अधिक ठिकाणच्या आयबीएम मशीनची देखभाल तिने उचलली. आयबीएममध्ये शिकलेली माणसं इथलीच होती, मालक गेला तरी ती कुठे गेली नव्हती. काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. या प्रसंगाचं वर्णन कुणी 'बहुराष्ट्रीय कंपनीला हाकललं' असं करतं, कुणी 'देश दहा वर्षं मागे गेला' असं. मला त्या वादापेक्षा ही आठशे मशीन जास्त महत्त्वाची वाटतात. ती चालू राहिली, कारण ती कशी चालतात हे कळणारी माणसं इथे होती.

रेल्वेची गोष्ट याच्या पुढची. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या घरांना रिझर्व्हेशन म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. एके काळी ते मोठ्या रजिस्टरांत हाताने व्हायचं, प्रत्येक गाडीचं वेगळं रजिस्टर, वेगळी खिडकी. काळ्या बाजाराला आमंत्रणच. कॉम्प्युटरने आरक्षण करायच्या कल्पनेला दंडवतेंनी मंत्री असताना चालना दिली. प्रत्यक्षात ती यंत्रणा बांधली सीएमसीने आणि १९८५-८६ मध्ये दिल्लीत ती सुरू झाली. इथे रेल्वेसमोर दोन वाटा होत्या. यंत्रणा सीएमसीने बांधलीच आहे तर पुढेही तिलाच चालवू द्यायची, किंवा स्वतःचं घर उभारायचं. रेल्वेने १९८६ मध्ये क्रिस नावाची स्वतःची संस्था काढली, पुढे देशभरातली आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर क्रिसने केलं, आणि आज कुडाळच्या खिडकीवरून कुठलंही तिकीट निघतं ते त्यामुळे. बाहेरच्यांची मदत रेल्वेने नंतरही घेतली. पण काय बांधून घ्यायचं हे ठरवणारी माणसं पगारावर ठेवली.

जगात काय चाललं होतं? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅकने, हो, कॅमेऱ्याच्या रोलवाल्या कोडॅकने, आपली डेटा सेंटरं आयबीएमला चालवायला दिली, माणसांसकट. एवढी मोठी, पैसेवाली कंपनी हे करते म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. आपल्याकडे २००३ मध्ये बँक ऑफ इंडियाने एचपीशी दहा वर्षांचा करार केला, २००४ मध्ये एअरटेलने आयबीएमशी. टेलिफोन कंपनी स्वतःचे कॉम्प्युटर चालवत नाही, याचं तेव्हा कौतुक झालं होतं. आणि खरंच, ग्राहक इतक्या वेगाने वाढत होते की स्वतः खरेदी करत बसली असती तर एअरटेल मागे पडली असती.

उलटी गोष्टही आहे. डिसेंबर २००२ मध्ये जेपी मॉर्गन चेसने आयबीएमला सात वर्षांचं, पाच अब्ज डॉलरचं काम दिलं. साधारण चार हजार माणसं आयबीएमकडे जायची होती. दोन वर्षंही झाली नाहीत. २००४ मध्ये बँक वन त्यात विलीन झाली आणि सप्टेंबरात करार रद्द! काम घरी परत. हे जमलं कसं? बँक वनने आधीच असाच एक करार मोडून स्वतःची फळी उभी केली होती. विलीनीकरणात ती फळी आयती मिळाली. सोडचिठ्ठी कागदावर सगळ्यांनाच देता येते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू करणारं कुणी लागतं.

आता आपल्याकडे येऊ. समजा तालुक्याच्या गावातली एखादी छोटी सहकारी बँक आहे. दहा-बारा शाखा. तिने स्वतःचा सर्व्हर ठेवायचा म्हटलं तर काय लागेल? चोवीस तास वीज, जनरेटर, एसी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन, आणि दूरच्या दुसऱ्या गावात तसाच आणखी एक संच, कारण पहिला बुडाला तर? बुडाला तर म्हणजे काय ते किनाऱ्यावर समजावून सांगावं लागत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे, माडाच्या झावळ्या तारांवर, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नाही, मोबाईल टॉवर मुके. त्या आठवड्यात मालवणातल्या एका खोलीत बँकेचा एकुलता सर्व्हर असता तर? शिवाय खारी हवा. पंखा, गेट, गाडी, इथे सगळंच लवकर गंजतं. आणि माणूस? सर्व्हर सांभाळायला शिकलेला पोरगा दोन वर्षांत पुण्याला जातो. का जाऊ नये?

म्हणून नाबार्डने पुढाकार घेतला आणि जिल्हा बँका सामायिक सेवेवर कोअर बँकिंगमध्ये आल्या, ते चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याशिवाय आपल्या गावच्या खात्याला यूपीआय मिळालंच नसतं. आणि स्वतःकडे ठेवलं म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. पुण्याची कॉसमॉस बँक, स्थापना १९०६, सहकारी बँकांमधली मोठी. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं. ११ तारखेला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. हल्लेखोराला दार कुणाचं आहे याच्याशी घेणंदेणं नसतं.

मग द्यायचं की नाही द्यायचं? माझ्या मते प्रश्नाची मांडणीच बदलायला हवी, आणि त्यासाठी आंब्याच्या बागेकडे बघू.

बरेच बागवाले मुंबईत असतात, बाग कराराने देतात. दोन वर्षं, तीन वर्षं, अमुक रक्कम. करारदार मोहोर लवकर यावा, भरपूर यावा म्हणून कल्टार घालतो. योग्य मात्रेत ते औषध आहे. पण ज्याचा करार तीन वर्षांचा, त्याला झाडाच्या तिसाव्या वर्षाची काय पडलीय? सगळे करारदार असे नसतात, चांगले खूप आहेत. तरी ज्या मालकाला झाड बघून समजतं, जो वर्षातून दोनदा बागेत फिरतो, त्याची बाग टिकते. ज्याला फक्त बँकेत जमा झालेली रक्कम दिसते, त्याला दहा वर्षांनी वाळलेल्या फांद्या दिसतात. आणि तेव्हा नवा करारदार पण येत नाही.

डेटा सेंटरचं तंतोतंत तसंच आहे. काम बाहेर दिलं की पहिल्या वर्षी पैसे वाचतात. मग आत बसलेली, ते काम कळणारी दोन माणसं रिकामी वाटायला लागतात. एक निवृत्त होतो, त्याची जागा भरत नाहीत. पाच वर्षांनी कंपनीने दर वाढवला तर तो वाजवी आहे का हे सांगणारं कुणी नाही. आपला डेटा कुठल्या स्वरूपात आहे, दुसऱ्याकडे न्यायचा तर किती दिवस लागतील, शेवटची बॅकअप खरंच उघडून बघितली होती का, हे विचारायलाही कुणी नाही. १९७८ ला आपल्याकडे ही माणसं होती. जेपी मॉर्गनकडे २००४ ला होती. छोट्या बँकेकडे ती नसतील, तर करार कितीही चांगल्या कंपनीशी असला तरी ती बँक अडकलीच.

रिझर्व्ह बँकेला हे कळतं. १० एप्रिल २०२३ ला तिने आयटीची कामं बाहेर देण्याबद्दल सविस्तर आदेश काढला, १ ऑक्टोबरपासून लागू. त्यातलं मुख्य कलम साधं आहे : काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच. करार संपला तर बाहेर कसं पडायचं याची योजना आधीच तयार हवी, पुरवठादाराकडे जाऊन तपासणी करण्याचा हक्क हवा. उत्तम. पण तो आदेश नागरी सहकारी बँकांपैकी टियर ३ आणि ४ ला लावला, म्हणजे हजार कोटींच्या वर ठेवी असलेल्यांना. त्याखालच्या वगळल्या, जिल्हा बँकाही त्या यादीत नव्हत्या. छोट्यांवर कागदपत्रांचं ओझं नको, हा त्यामागचा विचार असणार. सायबर सुरक्षेचे वेगळे नियम त्यांना आहेतच. तरीही विचित्र आहे हे. ज्या बँकेकडे बाहेर देण्यावाचून पर्याय नाही, तिलाच बाहेर पडायची वाट आखून ठेवायची सक्ती नाही.

मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था सुरू झाली. छोट्या बँकांना मिळून तंत्रज्ञान पुरवणं हेही तिचं एक काम. चार बँकांनी मिळून एक जाणकार माणूस ठेवला, तर चौघींनाही परवडेल, असं मला वाटतं. बघू.

तोपर्यंत एक गोष्ट तुमच्या हातात आहे. सहकारी बँकेत तुमचे आई-वडील, आजोबा नुसते ग्राहक नसतील, शेअर घेतलेले सभासद असतील. सभासद म्हणजे मालक. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिची नोटीस घरी येते आणि बहुतेक घरांत ती टीव्हीखाली पडून राहते. या वर्षी ती काढा. बरोबर जा. विचारायचं एवढंच : आपला हिशेब कुणाच्या सर्व्हरवर आहे, करार कधी संपतो, त्यांचा सर्व्हर आठवडाभर बंद पडला तर आपण काय करणार, आणि हे सगळं समजणारा आपल्या बँकेत कोण आहे, नाव सांगा. विषयपत्रिकेत हा विषय नसेल, पण शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' असा एक मुद्दा असतो. बहुतेक जण तोपर्यंत चहाकडे गेलेले असतात.