कोराम देओ

कोराम देओ : ‘देवासमोर’ किंवा ‘देवाच्या समक्ष’ या अर्थाचा, ख्रिस्ती धर्मविचारात रूढ झालेला लॅटिन शब्दप्रयोग. ‘कोराम’ या शब्दाच्या मुळाशी मुख, चेहरा या अर्थाचा ‘ओस’ हा शब्द असून हिब्रू बायबलातील ‘लिफ्ने’ (शब्दशः ‘मुखापुढे’) या रूपाशी त्याचा अर्थ जवळजवळ तंतोतंत जुळतो. माणसाचे आचरण आणि त्यामागचे हेतू सर्वसाक्षी देवाला सदैव दिसत असल्याने त्याने एकांतात आणि चारचौघांत सारखेच असावे, अशी या संज्ञेमागची धारणा आहे. येथे अभिप्रेत असलेला प्रामाणिकपणा निर्दोषपणाहून वेगळा आहे. जो दोष आहे तो न झाकणे, एवढीच त्याची पहिली अट.

बायबलात या धारणेची सुरुवातच लपण्यापासून होते. मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा झाडांआड दडतात, तेव्हा देव त्यांना प्रथम विचारतो ते त्यांचा ठावठिकाणा. उत्पत्ती या त्याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या हागार या गरोदर मिसरी दासीला झऱ्याकाठी देवदूत भेटतो आणि ती देवाला ‘एल-रोई’, म्हणजे पाहणारा देव, असे नाव देते. देवाला नाव देण्याचे धाडस एका परक्या दासीने करावे, ही गोष्ट भाष्यकारांनी दिली त्याहून अधिक दाद देण्याजोगी आहे; कारण तिच्या दृष्टीने पाहिले जाणे म्हणजे पकडले जाणे नसून दखल घेतली जाणे होते. १३९व्या स्तोत्रात हे दोन्ही सूर एकत्र येतात : देवाच्या नजरेपासून पळायला जागा नाही हे उमगलेला कवी शेवटी आपले अंतःकरण तपासून पाहण्याची विनंती त्यालाच करतो.

नव्या करारात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपवास गुप्तपणे करण्यास सांगितले असून लोकांना दाखवण्यासाठी ते करणाऱ्यांना ‘हिपोक्रितेस’ म्हटले आहे; या ग्रीक शब्दाचा रूढ अर्थ रंगमंचावरचा नट असा होता. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या व सप्पीरा यांची कथा याहून कठोर आहे. जमीन विकून आलेल्या रकमेतील काही भाग स्वतःपाशी ठेवणे हा त्यांचा अपराध नव्हताच, कारण पैसा त्यांच्याच स्वाधीन होता असे पेत्र स्पष्ट सांगतो. उरलेला भाग सगळा म्हणून पुढे करणे हा अपराध होता.

सुमारे ३९७ ते ४०० या काळात लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात ऑगस्टीनने एक अडचणीचा प्रश्न घेतला : देवाला सगळे ठाऊक असेल, तर त्याच्यापुढे कबुली कशासाठी? त्याचे उत्तर असे की, देवापासून स्वतःला लपवणे शक्यच नसते. तसा प्रयत्न करणारा फार तर देवाला स्वतःपासून लपवतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत, सातव्या अध्यायात, नम्रतेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवरच देवाच्या अखंड नजरेचे भान ठेवलेले आहे.

या विचाराचे सर्वांत चतुर प्रात्यक्षिक १४५३ मध्ये घडवले गेले. कार्डिनल निकोलस ऑफ क्युसा याने बव्हेरियातील टेगर्नझे येथील बेनेडिक्टाइन मठवासीयांना ‘दे व्हिझिओने देई’ (देवाच्या दर्शनाविषयी) हा ग्रंथ पाठवला आणि सोबत, कोठूनही पाहिले तरी पाहणाऱ्याकडेच बघणारे एक मुखचित्र दिले. चित्र भिंतीवर टांगावे, सर्वांनी त्याभोवती उभे राहावे आणि ती नजर आपल्या एकट्यावर खिळली आहे असे प्रत्येकाला वाटते की नाही ते पाहावे, असे त्याने सुचवले. मग एकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे व दुसऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जावे. नजर आपल्याबरोबर सरकते हे प्रत्येकाला स्वतः दिसते, पण त्याच क्षणी ती उलट दिशेनेही सरकते हे मात्र समोरून येणाऱ्या बंधूला विचारल्याशिवाय आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवल्याशिवाय कळत नाही. देवाची नजर एकाच वेळी पूर्णपणे खासगी आणि पूर्णपणे सर्वांची असते, हे तत्त्व इतक्या साध्या साधनाने क्वचितच कोणी मांडले असेल.

मार्टिन ल्यूथरने ‘कोराम देओ’ आणि ‘कोराम होमिनिबुस’ (माणसांसमोर) असा भेद करून, माणसांत सज्जन ठरणारा देवासमोर कृपेवाचून नीतिमान ठरत नाही, असे प्रतिपादले. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील स्वयंपाकी ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) याने हाच विचार चुलीपर्यंत नेला. तव्यावरचे ऑम्लेट उलटतानाही ते देवाच्या प्रीतीखातर उलटावे, इतकी त्याची साधना साधी होती.

या धारणेचा विपर्यासही पुष्कळ झाला. हिएरोनिमस बॉशच्या नावावर असलेला, पण कर्तृत्वाबद्दल वाद असलेला, सात महापापांचा चित्रफलक माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातील वर्तुळ डोळ्यासारखे असून बुबुळात ख्रिस्त आणि त्याखाली देव पाहत असल्याची ताकीद आहे. मुलांना धाक घालण्यासाठी धर्मशिक्षणात असाच डोळा वापरला गेला. ज्याँ-पॉल सार्त्रने ‘ले मो’ (१९६४) या आत्मचरित्रात बालपणी काड्यांशी खेळताना गालिचा जाळल्याचा, देवाची नजर अंगावर जाणवल्याचा आणि संतापून त्याला शिव्याशाप दिल्याचा प्रसंग नोंदवला आहे. त्याचा संताप समजण्याजोगा आहे : त्याला भेटलेला देव हागारला भेटलेला नव्हता.

प्रत्यक्ष उपासनेत ही धारणा मुख्यतः कबुलीच्या रूपाने टिकून आहे. कॅथलिकांत धर्मगुरूपुढे पापनिवेदन होते, ज्याला गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीज शब्दावरून ‘कुमसार’ म्हणतात. इग्नेशियस लोयोलाच्या पद्धतीने दिवसाचे आत्मपरीक्षण करणारे प्रथम कृतज्ञता व्यक्त करून मगच चुकांकडे वळतात. अँग्लिकन परंपरेत, ज्याच्यापुढे कोणतेही अंतःकरण बंद नाही अशा देवाला उद्देशून केलेली प्रार्थना १५४९च्या प्रार्थनापुस्तकापासून प्रभुभोजनविधीच्या आरंभी म्हटली जाते.