देवाशी लागलेले लग्न

जेजुरीला मुलीला हळद लावत, तिच्यावर भंडारा उधळत, गळ्यात कवड्यांचा गाठा घालत आणि खंडोबाशी तिचे लग्न लावत. त्या दिवसापासून ती मुरळी. जागरणात खंडोबाला वाहिलेल्या वाघ्याबरोबर नाचायचे, गायचे. एखाद्या पुरुषाने ठेवले तर राहायचे. मुलांना बापाचे नाव मिळायचे नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ येई. गोव्यात देवळाशी जोडलेल्या कलावंतांच्या घरी ‘शेंस’ विधीत दुसरी मुलगीच नवऱ्याच्या वेषात उभी राहायची.

लग्न म्हणजे पावित्र्य आणि वेश्याव्यवसाय म्हणजे कलंक, अशी विभागणी आपण सहज करतो. इथे मात्र कलंकाची वाट लग्नाच्याच विधीतून गेली होती. मुली सोडल्या जायच्या त्या बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या. कधी नवस, कधी केसांत निघालेली जट, तर कधी घरात मुलगा नाही एवढेच कारण पुरायचे.

इंग्रजी राज्यात हा प्रश्न कोर्टात गेला. 1860 च्या दंडसंहितेने अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे-घेणे गुन्हा ठरवला. 1880 मध्ये मुंबई हायकोर्टाने मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण या खटल्यात नायकिणीने, म्हणजे नाच-गाणे करणाऱ्या कलावंतिणीने, मुलगी दत्तक घेण्याची रीत अमान्य केली. ज्या रीतीने बाईची मिळकत बाईकडे जायची, तीच नीतीच्या नावाखाली नाकारली गेली. नायकिणीला ठेवणाऱ्या पुरुषाच्या मिळकतीला मात्र या नीतीची झळ लागली नाही.

विसाव्या शतकात दलित चळवळीने हा प्रश्न हाती घेतला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले आणि त्यात मुरळी सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीचे पत्र त्यांनी छापले. पुढे चळवळीतले कार्यकर्ते गणपतराव गायकवाड यांच्याशी तिचे लग्न लावून दिले. जिच्या नशिबी फक्त देव लिहिला होता, तिने चारचौघांत माणसाशी लग्न केले. त्या काळात हे धाडस फार मोठे होते.

1934 च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरवले आणि अशा स्त्रीचे लग्न वैध मानले. 1936 च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतल्या मुरळ्या, जोगतिणींसमोर डॉ. आंबेडकरांनी कळकळीने सांगितले की, हे जिणे सोडा, लग्न करा, संसार करा. गोव्यात राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी कलावंत समाजाला शिक्षणाकडे वळवले आणि ‘गोमंतक मराठा समाज’ उभा राहिला.

या सुधारकांचे ऋण मोठे आहे. ज्यांना संसाराचा हक्कच नाकारला होता, त्यांच्यासाठी तो मागणे ही समतेचीच लढाई होती. पण समाजाने त्यातून सोयीचा तेवढा अर्थ उचलला: कुणाची तरी बायको झाली तरच बाई अब्रूची. जिचे लग्न झाले नाही, जी त्याच गल्लीत म्हातारी झाली, ती हिशेबातच राहिली नाही. महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा केला, म्हणजे सत्तर वर्षांनंतरही काम अपुरे होते.

19 मे 2022 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर तिला आधार कार्ड द्यावे, असेही बजावले. या आदेशात तिच्या नवऱ्याची चौकशी नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मुली सोडण्याची चाल मोडलीच पाहिजे. पण जी बाई आज त्या जिण्यात आहे, तिचे रेशन, तिचा दवाखाना, तिच्या मुलांची शाळा यांसाठी आधी लग्नाची अट घालण्याचा अधिकार देवालाही नाही आणि आपल्यालाही नाही.