कुंडल रोडचा नांगर आणि आमची वही

आमच्या गटाने कडबाकुट्टीची यंत्रे घ्यायचे ठरवले आणि कर्जासाठी आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी विचारले, "यंत्रातून उत्पन्न किती येणार?" आम्ही म्हणालो, "साहेब, आमचा वेळ वाचणार." ते म्हणाले, "वेळ वाचून हप्ता फिटत नाही, ताई." आम्ही गप्प बसलो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि पुरते खरेही नव्हते. परत येताना एसटीत एकीने आठवण काढली, की कडबा कापायचे यंत्र तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या कुंडलच्या शेजारीच बनत होते. तेव्हा ते घेणाऱ्यांनी कसला हिशेब केला असेल? त्या प्रश्नातून आजची ही गोष्ट निघाली.

आज ज्याला आपण किर्लोस्करवाडी म्हणतो, त्या रेल्वे स्टेशनचे जुने नाव कुंडल रोड. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे 1869 साली बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नव्हते, म्हणून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे नोकरी सोडून बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचे दुकान काढले, आणि कडबा कापायचे यंत्र व लोखंडी नांगर बनवायला लागले. तिथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळचा माळ दिला, कर्जही दिले. निवडुंग माजलेला, सापांचा माळ. 1910 साली तिथे कारखाना उभा राहिला. यंत्राची अडचण आली की शंभोराव जांभेकर, आणि हिशेबाच्या चोपड्यांना मंगेशराव रेगे. ही दोन माणसे एकाच कारखान्यात शेजारी होती, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

नांगर मात्र खपेना. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षे गेली. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे शेतकरी म्हणत. ही गोष्ट सांगताना आपण हसतो, "काय भोळी माणसे!" म्हणतो. आम्हीही आधी हसलो. मग आमच्यातल्या एका वयस्कर काकूंनी विचारले, "अगं, पण तो नांगर ओढणार कोण?"

तिथे खरी गोम आहे. लाकडी नांगर जमीन ओरबाडतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो, हरळीच्या मुळ्या वर काढून उन्हात टाकतो. पण काळ्या रानात असा जड नांगर ओढायला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागत. घरात जोडी एकच, कधी तीही नाही. म्हणजे नांगराची किंमत वेगळी आणि बैलांची सोय वेगळी. सरकारची तगाई होती, 1904 च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या निघू लागल्या होत्या, पण बहुतेकांचे व्यवहार सावकाराकडेच. एक पाऊस चुकला तर जमीनच गहाण. अशा माणसाने नवी वस्तू दोन वर्षे लांबून बघितली, तर तो भोळा नव्हता. 'विष उतरते' हे त्याने तोंडाने सांगितलेले कारण. पोटातले कारण हप्त्याचे असावे, असे आम्हाला वाटते.

याच काळात पुण्यात शेतकी खात्यातले डॉ. हॅरॉल्ड मान पिंपळे सौदागर या गावात घरोघर जाऊन मोजणी करत होते. कोणाकडे किती रान, किती तुकडे, किती कर्ज. 1917 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्या गावात 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर होते, 1914-15 साली 7 एकर उरले. आता बघा, 40 एकरवाल्याला जो नांगर परवडेल तो 7 एकरवाल्याला एकट्याने परवडणार कसा? त्यासाठी पैरा करावा लागतो, तुझी जोडी माझ्या रानात, माझी तुझ्या. नांगर कारखान्यात घडला, पण तो रानात चालला तो शेजाऱ्यांनी बैल जोडले म्हणून.

या सगळ्या हिशेबात एक रकाना मात्र कोणी धरलेला दिसत नाही. हरळी कमी झाली म्हणजे भांगलणीचे दिवस कमी झाले. भांगलण कोण करते? आपण. नांगराचा फायदा पोत्यांत मोजला गेला, वाकलेल्या पाठीचे दिवस कुठल्या चोपडीत आले नाहीत. गंमत अशी, की त्याच किर्लोस्करवाडीतून 1930 साली 'स्त्री' मासिक निघाले आणि घराघरांत गेले.

कर्जाचा आणखी एक हिशेब कुंडलनेच मांडला. 1943 नंतर या भागात प्रतिसरकार चालले तेव्हा कुंडल त्याचे मोठे ठाणे होते. क्रांतिसिंह नाना पाटील, आपल्या कुंडलचे जी. डी. बापू लाड, तुफान सेना, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या सरकारने गांधी-लग्नेही लावली. हुंडा नाही, मानपान नाही, थोडक्यात लग्न. बापूंचे स्वतःचे लग्न 1945 साली त्याच पद्धतीने झाले. नांगराचे कर्ज रान फेडते, लग्नातल्या जेवणावळीचे कर्ज रानच गिळते. साधे गणित आहे, पण ते अमलात आणायला भूमिगत सरकार लागले! आणि आज पुन्हा आपण कुठे आहोत ते मंडप बघून कळतेच.

असो. बँकेतून आल्यावर आम्ही वही केली. कडबा कापायला रोज किती वेळ जातो, गोठ्यात किती धाटे उरतात, ती ताणकाट्यावर किती भरतात. सात घरे घेतली, पंधरा दिवस लिहिले. आकडे बघून आम्ही खूश. तेव्हा एका सुनेने शंका काढली, "ही सातही घरे चार-चार जनावरांची आहेत. एकच म्हैस असणारीचे काय?" खरेच, ज्यांची घरे जवळ आणि गोठे नीटनेटके, तीच आम्ही निवडली होती. मग सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, लहान मुलीकडून सात उचलल्या आणि पुन्हा पंधरा दिवस लिहिले. आता उत्तर वेगळे आले. एका म्हशीच्या घराला एकटीने यंत्र परवडत नाही, वाया जाणाऱ्या कडब्यातून हप्ता निघत नाही. चार-पाच घरांत मिळून एक घेतले तर निघतो. पुन्हा पैराच. ही वही घेऊन आम्ही परत गेलो. कर्ज मिळाले, मागितले होते त्याहून कमी. तेवढेच लागत होते.

चिठ्ठ्या टाकून निवडायची ही रीत शेतीत पक्की करणारा एक मोठा माणूस आपल्याच भागातला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध, सातारा जिल्हा. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले. त्याआधी पीक किती आले हे ठरे आणेवारीवर. कोणी बांधावर उभे राहायचे, नजर फिरवायची, म्हणायचे बारा आणे पीक. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापून मोजायची पद्धत बसवली. गावे चिठ्ठीसारखी निवडायची, गट नंबर तसेच, आणि शेतातली जागासुद्धा तशीच. मग दोरी टाकायची, आतले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे.

त्यात एक बारकावा त्यांनी दाखवला, तो ऐकण्यासारखा आहे. कापायचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. का? कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असेल तर कडच जास्त, म्हणून चूक मोठी. मोठ्या तुकड्यात ती विरते. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे घेत, त्यावरून या दोन थोर माणसांचे चांगलेच मतभेद झाले.

हे आपल्याला कशाला? कारण पीक विम्याचे पैसे मुख्यतः याच पीक कापणी प्रयोगावर ठरतात. मंडळातल्या थोड्या शेतांत कापणी होते, त्यावरून सरासरी निघते, ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली असेल तर मंडळातल्या शेतकऱ्यांना भरपाई. एका शेताच्या दोरीवर कितीतरी घरांचे पैसे. आमच्याकडे एका वर्षी पाटाजवळच्या हिरव्यागार कडेला दोरी पडली. जवळ होती, उन्हात आत कोण जाणार? तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हते, आम्ही चहा करून दिला.

नियम असा, की शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून पावले मोजत, ठरलेल्या आकड्याप्रमाणे आत जायचे. ज्वारी-बाजरीसारख्या पिकांना साधारण 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद तुकडा. ज्याचे मूळ दोरीच्या आत तेच धरायचे. या खरिपात आमच्यातल्या दोघी वही आणि टेप घेऊन बांधावर हजर राहिल्या. कडेच्या एका ओळीवरून बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी खाली बसून, पाला बाजूला करून मुळे बघितली. ती दोरीबाहेर होती. ती ओळ तशीच उभी ठेवली.