नकार नव्हे, प्रतीक्षा

लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांत ज्याच्याकडे लॅपटॉप होता, त्याला ही झोप चैनीची नव्हती. अर्धे लिहिलेले प्रकरण त्यावर अवलंबून असे. मात्र झोपेपूर्वी यंत्राला प्रत्येक चालू प्रक्रिया आहे त्या जागी गोठवावी लागते. स्मृतीची प्रत डिस्कवर उतरत असताना कोणी मध्येच लिहीत राहिले, तर प्रत आणि डिस्क यांचा मेळ बसत नाही. लिनक्समध्ये वीस सेकंदांत एक जरी प्रक्रिया गोठली नाही, तरी बेत रद्द होतो, गोठलेल्याही जाग्या होतात आणि नोंदीत ओळ उमटते : अमुक प्रक्रिया गोठण्यास ‘नकार’ देत आहेत. पिशवीतले यंत्र जागेच राहते. बॅटरी संपली की न जतन केलेला मजकूरही जातो.

‘नकार’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. २००२ मध्ये पावेल माखेक यांच्या प्रयत्नांनी ही व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यात आली, तेव्हापासून तिची रीत अशी की, गाभा प्रक्रियेला एक खोटा संकेत देतो आणि तो दिसताच ती आपणहून शीतकपाटात शिरते. (त्या फलनाचे नाव खरोखरच ‘रेफ्रिजरेटर’ होते!) पण डिस्कच्या उत्तराची वाट पाहणारी प्रक्रिया कोणताच संकेत ऐकत नाही. तिला मध्येच उठवले तर अर्धवट व्यवहार तसाच लोंबकळत राहील.

मग प्रश्न उरतो, ती कोणाची वाट पाहते आहे? २००७ मध्ये आढळलेली एक अडचण यादृष्टीने बोलकी आहे. पालक प्रक्रिया अपत्याची वाट पाहत थांबलेली, आणि अपत्य आधीच गोठलेले! राफाएल विसोत्स्की यांनी तोडगा काढला की, अशा पालकाला मोजणीतच धरू नये. तो जागा झालाच तर पुढच्या पावलाला गोठेल. फ्यूजची गाठ याहून अवघड. २००५ पासून लिनक्समध्ये असलेल्या या सोयीमुळे फायलींचा कारभार एखादा साधा प्रोग्रामही पाहू शकतो. तोच आधी गोठला, तर फाइल मागणारा कायमचा ताटकळतो. तोरण्याच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्याला आधी झोपवायचे आणि मग बाहेर खोळंबलेल्याला आत का येत नाहीस म्हणून दटावायचे, त्यातलाच हा प्रकार.

त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांनी मुळावरच घाव घातला : स्मृतीचा वीजपुरवठा चालू राहणाऱ्या साध्या झोपेसाठी हे गोठवणे हवेच कशाला? आक्षेप तर्काला धरून होता. पण गोठवणे सोडले, तर झोपेच्या वाटेवर येणारी प्रत्येक मागणी अडवण्याचे काम एकेका ड्रायव्हरच्या लेखकावर पडले असते. गोठवणे राहिले.

२०२२ मध्ये पीटर झाइल्स्ट्रा यांनी ही यंत्रणा नव्याने लिहिली. आता ‘गोठलेली’ ही प्रक्रियेची स्वतंत्र अवस्था झाली, आणि वाट पाहताना आपण गोठवण्याजोगे आहोत की नाही हे प्रक्रियेला आधीच सांगता येऊ लागले. फ्यूजची गाठ त्यानेही सुटली नाही. नोंदीतला ‘नकार’ही तसाच राहिला.